विमलसाठी उजेड

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

आज दुपारी चार वाजता विमल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हल्ली या घरात लय काळोख वाटतो ओ." तीस वर्षांत तिने या घराविरुद्ध केलेली ही पहिली तक्रार. मी पेपर खाली ठेवला.

ती म्हणते ते खोटं नाही. हा बंगला मी १९९४ साली बांधला. दापोलीच्या या आळीत आमच्या समाजाचं हे पहिलं घर. जागा मिळायला तीन वर्षं लागली होती. माणसं चहा पाजायची, भाव सांगायची, आणि आडनाव कळलं की घरात विचारून सांगतो म्हणायची. शेवटी एकाने दिली. तेव्हा मी गवंड्याला सांगितलं, रस्त्याच्या अंगाला खिडक्या बारक्या काढ आणि उंचावर काढ. आमच्या ताटात काय आहे ते कुणी डोकावून बघायला नको. विमल म्हणाली होती, थोडा उजेड येऊ द्या की. मी ऐकलं नाही. बत्तीस वर्षांचा होतो, मानेत ताठा होता.

आता डोकावणारं कुणी राहिलं नाही. शेजारचे लोक विरजण मागायला येतात. खिडक्या मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि भिंतींचा चॉकलेटी ऑइलपेंटही.

तेव्हा सेवानिवृत्त विज्ञानशिक्षक श्री. रामजी कासारे यांनी आज ठरवलं आहे की या घरात उजेड आणायचा. विमलला तसं सांगितलं, रस्त्याकडच्या खिडक्याही मोठ्या काढतो म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, "आणा."

रविवार, २४ नोव्हेंबर

काम शास्त्रशुद्ध पद्धतीने सुरू केलं आहे. दुपारी चारला पेपरातल्या छोट्या जाहिराती हातभर अंतरावर धरून प्रत्येक खोलीत वाचायच्या. बाहेरच्या खोलीत मला सगळ्या वाचता आल्या. झोपायच्या खोलीत निम्म्या. स्वयंपाकघरात खिडकीपाशी सगळ्या, ओट्याच्या टोकाला काहीच नाही. विमलला पेपर दिला तर म्हणाली, "मला कुठे नोकरी शोधायचीय?" आणि भाजी चिरायला गेली.

मुलगा धम्मदीप बदलापूरला असतो. त्याची बायको स्वप्ना हिने फोनवर चाळीसेक घरांचे फोटो पाठवले. सगळीकडे पांढऱ्या भिंती, मोठाल्या काचा, स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामध्ये भिंतच नाही. मला आवडलं. विमलला दाखवलं तर फोन नाकाशी धरून म्हणाली, "छान आहे." कुठला छान आहे विचारलं तर म्हणाली, सगळेच.

जाता जाता एक. ही वही विमल चोरून वाचते हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे. वाचून झालं की समासात शिसपेन्सिलीने बारीक टिक करते, मी पोरांच्या वह्यांवर करायचो तशी. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आज मागची पानं चाळली. ऑगस्टपासून एकही टिक नाही. माझ्या लिखाणात राम उरला नाही असं तिला वाटत असावं. विमल, हे वाचत असशील तर उद्या चहात आलं घाल.

(दुसऱ्या दिवशी: चहात आलं नव्हतं.)

शुक्रवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी पांढरे कपडे करून वंदना घेतली. मेणबत्ती दरवर्षी विमल लावते. आज काडी वातीच्या बाजूला नेली, दोनदा. तिसऱ्यांदा बोट भाजलं. मी हात धरून लावून दिली. म्हणाली, "कोपऱ्यात काय दिसत नाय."

बरोबरच आहे. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात टांगणारा मीच. तिथे पूर्वेला चार फूट रुंद खिडकी पाडायची. हे काम सगळ्यात आधी.

गुरुवार, १९ डिसेंबर

भागोजी गवंडी सोमवारपासून आला आहे. वाकवलीकडचा आहे, माझा जुना विद्यार्थी. नववीत दोनदा नापास झाला, पण ओळंबा असा धरतो की बघत राहावं. जांभ्याचे चिरे एकेक करून सोडवतो, फोडत नाही.

आज घरातल्या बोळाची भिंत पाडायच्या आधी त्याने मला हाक मारली. "मास्तर, हे बगा काय हाय." ऑइलपेंटवर कमरेच्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा, झोपायच्या खोलीच्या दारापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत, पुढे न्हाणीकडे वळलेला. "कुणी तरी हात घाशीत जातंय रोज," भागोजी म्हणाला. मी म्हटलं, तीस वर्षांचा मळ आहे, ऑइलपेंटला चिकटतो. आता प्लास्टिक पेंट देऊ, ओल्या फडक्याने पुसला जातो. संध्याकाळपर्यंत भिंत गेली. बाहेरच्या दारात उभं राहिलं की आता मागच्या परसातलं फणसाचं झाड दिसतं.

विमल बराच वेळ मोकळ्या जागेच्या कडेला उभी होती. मी म्हटलं, ये की इकडे, चालून बघ. म्हणाली, "धूळ बसू द्या."

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आज शाळेत मोफत डोळे तपासणीचं शिबिर होतं. विमल चार दिवस म्हणत होती, जाऊन येऊ, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नेमक्या आज खिडक्यांच्या चौकटी आल्या. टेम्पोवाल्यासमोर मी नसतो तर त्याने त्या उताण्या टाकून दिल्या असत्या. तिला म्हटलं, तू जाऊन ये रिक्षाने. म्हणाली, "एकटी नको. पुढच्या वेळी जाऊ." मला राग आला. तीस वर्षं एकटीने बाजार करणारी बाई, रिक्षात बसून दहा मिनिटांवर जायला घाबरते. बोललो नाही, इथे लिहितो.

चौकटी सुरेख आहेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

उंबरठ्यांवरून आमचं वाजलं.

नवीन फरशी बाहेरच्या खोलीपासून परसदारापर्यंत सलग येणार, मध्ये उंबरठे ठेवले तर तुकडे पडतात. स्वप्नाच्या एकाही फोटोत उंबरठा नाही. मी भागोजीला सांगितलं, सहाही काढ. विमल हातातलं काम टाकून आली. "उंबरे राहू द्या."

मी म्हटलं, "आपण काय त्यांची पूजा करतो? हळदीकुंकू वाहतो? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लाकडाच्या ओंडक्यात काय अडलंय?"

"पूजेला कोण म्हणतंय? पायाला कळतं."

"काय कळतं?"

भागोजी खाली बघत पहार पुसत होता. गवंड्यासमोर मी तिला असं बोलायला नको होतं, हे लगेच कळलं. पण मुद्दा माझाच बरोबर होता. संध्याकाळपर्यंत सहा उंबरठे परसातल्या पडवीत जाऊन पडले. फणसाचं लाकूड, अजून पिवळंधमक.

जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, आता न्हाणीघर किती पावलांवर आलं. मी मोजून दिलं. सोळा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हर्णैची जनी मासळी घेऊन आली. पंचवीस वर्षं येते. विमल म्हणजे तिचं कठीण गिऱ्हाईक, माशाचा डोळा बघून कालचा की आजचा ते सांगणारी. विमल आत गेल्यावर जनी मला म्हणाली, "मास्तर, वयनी आता माशाचा डोला बगीत नाय. कल्ल्यात बोट घालते, हुंगते न् घेते. आज मी बांगडं दिलं तर मला इचारते, सौंदाळे काय गो?"

मी म्हटलं, "पंचवीस वर्षांनी विश्वास बसला असेल तुझ्यावर."

जनी हसली नाही. टोपली उचलताना म्हणाली, "लक्ष द्या जरा." बांगडे ताजे होते. जनीचं काय अडलं होतं कळलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

सगळे दिवे बदलले. आज संध्याकाळी एकदम लावले आणि घर लख्ख झालं. मी लहान मुलासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरलो. विमल खुर्चीत बसून वर बघत होती. म्हणाली, "दिव्याभोवती रंग दिसतायत. इंद्रधनुष्यासारखं कडं."

मला इतका आनंद झाला. तेहतीस वर्षं मी पोरांना प्रकाशाचं अपस्करण शिकवलं, एकाने कधी स्वतःहून निरीक्षण सांगितलं नाही. तिला समजावलं: पांढरा प्रकाश सात रंगांचा, हवेत बाष्प असलं की वेगळे होतात, आपल्याकडे समुद्र जवळ. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग विचारलं, "तुम्हालापण दिसतं?" मी नीट पाहिलं. मला दिसलं नाही. म्हटलं, कोनावर अवलंबून असतं.

तिने कपाळ दाबून धरलं होतं. रंगाच्या वासाने तिचं डोकं चढतं, पंधरा दिवस हेच चाललं आहे. काल उलटीही झाली. चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ का म्हणत होती. म्हटलं, रंगाचा शेवटचा हात झाला की जाऊ, वास गेला की डोकं आपोआप थांबेल.

रविवार, २७ एप्रिल

फरशी झाली. पांढरी, आरशासारखी. परसाकडची पूर्ण भिंत काढून सरकत्या काचेचं दार बसवलं. पेपरचा प्रयोग पुन्हा केला: सगळ्या ठिकाणी सगळ्या जाहिराती, ओट्याच्या टोकालासुद्धा. शंभर टक्के निकाल.

एक गोष्ट मनाला लागते. हे सगळं मी जिच्यासाठी केलं ती एका खुर्चीत बसून असते. सकाळी बसली की जेवणाशिवाय उठत नाही. चालते ती पाय घासत, नव्या फरशीवर पाणी सांडलं असावं तशी. आज मी चिडून म्हटलं, "तुला आवडलं नाही का घर? तसं सांग." म्हणाली, "आवडलं ओ. तुम्ही इतके खूश मी कधी बघितले नव्हते."

मला हे उत्तर वाटलं नाही.

मंगळवार, १३ मे

काल बुद्धपौर्णिमा. बंगल्यात माणसं बोलावली होती. धम्मदीप, स्वप्ना, आळीतली पाच-सहा घरं. भागोजी नवा शर्ट घालून आला होता. लोक पडद्यांना हात लावून बघत होते. ज्याने मला जागा देताना आडनाव दोनदा विचारलं होतं त्याचा मुलगा म्हणाला, "सर, घरात नुसता प्रकाश आहे." मी रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत उभा होतो. रस्त्यावरून जाणारे आत बघत होते आणि मला बरं वाटत होतं. तीस वर्षांनी.

मग विमल खिरीचं पातेलं घेऊन परसाकडून आली, आणि चालत येऊन सरळ काचेवर आदळली.

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "काच किती स्वच्छ पुसलीय बघा." पातेलं पडलं होतं, खीर काचेवरून खाली ओघळत होती. ती खाली बसून हाताने फरशी चाचपत होती. झाकण तिच्या उजव्या गुडघ्याला लागून पडलं होतं. ती डावीकडे शोधत होती.

हसणं थांबलं. भागोजी पहिला धावला. "काकी, हितं हाय," म्हणत त्याने तिचा हात धरून झाकणावर ठेवला. त्याला माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला कधीपासून माहीत होतं.

शुक्रवार, १६ मे

चिपळूण. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

उजवा गेला आहे. डाव्यात मधोमध नाण्याएवढं राहिलं आहे. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाची होती, कागदावर डोळा काढून समजावत होती. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळते, आधी कडेचं दिसणं जातं, घरात अंधार झाल्यासारखं वाटतं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. डोकं दुखतं, उलट्या होतात. मी मान हलवत होतो. तिने काढलेली आकृती मी फळ्यावर तेहतीस वर्षं काढली आहे. तिच्यापेक्षा चांगली.

विचारलं, आधी आलो असतो तर? म्हणाली, बरं झालं असतं. मी म्हटलं, नोव्हेंबरात? तिने फाईल बंद केली. "नोव्हेंबरात आत्तापेक्षा बरंच राहिलं असतं, काका. गेलेलं परत येत नाही. थेंबांनी उरलेलं सांभाळू."

परतीच्या एसटीत विमल खिडकीशी बसली होती. म्हणाली, "भूक लागली असेल तुम्हाला."

बुधवार, २८ मे

बारा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच वाक्य आहे. ती म्हणाली काळोख वाटतो, आणि मी भिंत पाडली. तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

रविवार, ८ जून

आज विचारलं. कधीपासून माहीत होतं?

ती शेंगा सोलत होती. बोटं कामात असली की तिला बोलता येतं. म्हणाली, "आयेचं असंच झालेलं. मला गेल्या पावसातच वाटलं."

"मग स्पष्ट का नाही बोललीस?"

"बोलले की. काळोख वाटतो म्हटलं." शेंगा सोलणं चालू होतं. "मग तुम्ही सगळं घर मोजायला लागलात. रिटायर झाल्यापासून नुसते पेपर घेऊन बसायचात. त्या दिवशी पहिल्यांदा उठून उभे राहिलात. खिडक्या काढतो म्हणालात, रस्त्याकडच्या. तीस वर्षं मी वाट बघत होते की तुमच्या मनातलं ते जावं. म्हटलं, हे होऊ दे, मग माझं बघू."

"आणि शिबिर?"

"तुम्ही आला असतात तर कळलं असतं. मला एकटीने ऐकायचं नव्हतं."

मी उठून परसात गेलो. पडवीत ते सहा उंबरठे पडले होते. जुन्या घरात ती हाताने भिंत आणि पायाने उंबरा मोजत फिरत होती. तिसरा उंबरा म्हणजे स्वयंपाकघर, चौथा म्हणजे न्हाणी. भिंतीवरचा तो पट्टा मळ नव्हता. ते तिचे डोळे होते, आणि मी ते भागोजीकडून पहारीने काढून घेतले. तिथेच बसून रडलो. माझ्या बापासाठीसुद्धा मी असा रडलो नव्हतो.

मंगळवार, १७ जून

भागोजीला बोलावलं होतं. उंबरठे फरशीवर पुन्हा बसणार नाहीत, म्हणाला. मग त्याने ते उभे चिरले, रंधा मारला, आणि पलंगापासून स्वयंपाकघर ते न्हाणी असा कमरेच्या उंचीचा कठडा केला. जिथे जिथे उंबरा होता तिथे लाकडात एकेक खाच पाडली, बोटाला लागेल अशी. मी सांगितलं नव्हतं. स्टायलिश घराच्या मधोमध गोठ्याच्या कुंपणासारखं दिसतं. स्वप्नाला फोटो पाठवला नाही.

मजुरी घेईना. जाताना म्हणाला, "मास्तर, ती भित दावली तवाच मी बोलायला पायजे होतं. पन तुमी म्हंजे मास्तर."

विमलने हात ठेवून पूर्ण फेरी मारली. चौथ्या खाचेशी थांबली. "न्हाणी," म्हणाली.

रविवार, २२ जून

सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "वही आणा तुमची. बरेच दिवस वाचली नाय."

तिने हे असं उघड म्हणण्याची ही चाळीस वर्षांतली पहिली वेळ. मी म्हटलं, कुठून वाचू? म्हणाली, "ऑगस्टपासून राहिलीय."

वाचत गेलो. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर भराभर झाले. मग ११ नोव्हेंबर. काही पानं गाळावीत असं फार वाटलं, पण तिच्यापुढे मी कधी वही झाकली नव्हती. शिबिराचा दिवस वाचला, मला राग आला होता तेही. चौकटी सुरेख आहेत, तेही वाचलं. उंबरठ्यांचं वाचलं. दिव्याभोवतीच्या कड्यांचं वाचताना एकच ओळ दोनदा वाचली, तर म्हणाली, "थांबा, पाणी प्या," आणि मी पाणी पिऊन पुढे वाचलं. काचेचं, मी हसलो ते. आठ जूनचं वाचताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही.

संपलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. पाऊस उघडला होता, पूर्वेच्या खिडकीतून ऊन पार तिच्या मांडीवर आलं होतं. या घरात त्या जागी पूर्वी कधी ऊन येत नव्हतं.

ती म्हणाली, "पेन्सिल द्या."

मी दिली. तिने वही मांडीवर घेतली, पानाची कड चाचपली, समास कुठे असेल त्याचा अंदाज घेतला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नको, मी करते." आणि टिक केली.

समास चुकला. टिक पानाच्या मधोमध आली आहे, माझ्या अक्षरांवरून आडवी गेलेली. तिने विचारलं, "बरोबर पडली?"

मी म्हटलं, "बरोबर पडली."

मग ती म्हणाली, "मागच्या पानांवर पण करते. एकेक उलटा." मी पानं उलटत गेलो.